महामारीत कामगाराचे देणे कोणाच्या माथी?

(१ मे रोजी मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



१ मे हा दिवस आपल्या बडोदेकर मराठी माणसाच्या वाट्याला तीन नात्यांनी येतो. १९६० साली याच दिवशी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली. एक आपल्या भाषेचे, दुसरे आपल्या घरादाराचे. तिसरे नाते कामगार दिनाचे. पहिल्या दोन नात्यांसाठी आपण दरवर्षी जमतो, झेंडावंदन करतो, नाश्तापाणी होते आणि घरी जातो. तिसऱ्या नात्यावर मात्र या व्यासपीठावरून फारसे बोलले जात नाही. यंदा कार्यकारिणीने ते काम आम्हा बँकेतल्या सभासदांवर सोपवले, त्याबद्दल आभार.

आधीच सांगतो, आम्ही वकील नाही. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो आणि काउंटरपलीकडे बसून अर्धे आयुष्य गेले. पण कायद्याचे पुस्तक वकिलाकडे असते, तसे कायद्याच्या परिणामाचे पुस्तक बँकेत असते. त्याला पासबुक म्हणतात. दर महिन्याच्या सात ते दहा तारखेला पगार जमा झाल्याची ओळ त्यात येते. एप्रिल २०२० आणि मे २०२० मध्ये पासबुके छापताना कितीतरी खात्यांत ती ओळ आलीच नाही. त्याऐवजी काय आले? जनधन खाते असलेल्या बहिणींच्या खात्यात सरकारचे पाचशे रुपये, तेही तीनच महिने. काहींच्या खात्यात प्रॉव्हिडंट फंडातून काढलेली रक्कम, म्हणजे म्हातारपणाची पुंजी. बाकी सगळे पैसे काढल्याचे आकडे.

तेव्हा रांगेतल्या माणसांचा एकच प्रश्न असे. "साहेब, कारखाना सरकारने बंद केला. मालकाने नाही, आम्हीही नाही. मग आमचा पगार कोण देणार?" आज आपण याच प्रश्नाचा कायद्याच्या अंगाने विचार करू. महामारी पुन्हा यावी असे कोणालाच वाटत नाही. पण आली, तर उत्तर आधी ठाऊक असलेले बरे.

प्लेगच्या काळचा कायदा

मार्च २०२० मध्ये सरकारने दोन कायदे हातात घेतले. त्यातला पहिला साथरोग कायदा, १८९७. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्या घाईत इंग्रज सरकारने तो केला. पुण्यात त्या प्लेगच्या निमित्ताने काय घडले आणि रँडचे काय झाले, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. हा मूळ कायदा अवघा चार कलमांचा. साथ आली की सरकारने हवे ते हुकूम काढावेत, न पाळणाऱ्याला शिक्षा व्हावी आणि अधिकाऱ्यांना संरक्षण मिळावे, एवढाच त्याचा आवाका. कामगाराच्या पगाराबद्दल त्यात चकार शब्द नाही. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली, ती डॉक्टर, नर्स आणि आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा व्हावी म्हणून. दुरुस्ती चांगलीच होती, पण पगाराचा प्रश्न तिथेच राहिला.

दुसरा आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५. मुळात तो भूकंप, पूर, वादळ यांसारख्या संकटांत राज्ययंत्रणेला एका हुकमाखाली आणण्यासाठी केलेला. २००१ चा भूकंप भोगलेल्या गुजरातला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. देशभरची टाळेबंदी याच कायद्याखाली लागली आणि पगाराचा हुकूमही याच कायद्याखाली निघाला.

२९ मार्चचा हुकूम

२९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला. उद्योग असो, दुकान असो वा व्यापारी आस्थापना, टाळेबंदीच्या काळात प्रत्येक मालकाने कामगारांचे वेतन ठरल्या तारखेला, कोणतीही कपात न करता द्यावे, असे त्यात म्हटले होते. शिवाय घरमालकाने स्थलांतरित कामगाराकडे एक महिन्याचे भाडे मागू नये आणि त्याला घराबाहेर काढू नये, असेही होते.

हुकूम वाचून कामगारांना हायसे वाटले, आणि छोट्या मालकांच्या पोटात गोळा आला. आपल्या या सभागृहात दोन्ही बाजूंची माणसे आहेत. मकरपुरा जीआयडीसीत शेड असलेले सभासद आहेत आणि तिथेच सुपरवायझर, फिटर, अकाउंटंट म्हणून काम करणारेही आहेत. म्हणून दोन्ही बाजू मांडणे आमचे कर्तव्य आहे.

मालकांचे म्हणणे असे, की विक्री बंद, येणी अडकलेली, मग पगार कुठून द्यायचा? संकट राष्ट्रीय, मग बिल एकट्या मालकाच्या नावावर का? कामगारांचे म्हणणे असे, की वर्षानुवर्षे आमच्या घामावर नफा झाला, त्यातून दोन महिने निघू नयेत काय? काम करायला आम्ही तयार होतो. दार आम्ही लावले नव्हते.

काही उद्योग सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान १७ मे २०२० च्या नव्या आदेशाने १८ मे पासून जुना हुकूम संपला. म्हणजे २५ मार्च ते १७ मे, ५४ दिवसांच्या टाळेबंदीतला पगार एवढाच वाद उरला. १२ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. मालक आणि कामगार यांनी एकत्र बसून या काळाच्या पगाराची तडजोड करावी, जमले नाही तर कामगार खात्याकडे जावे, आणि तोपर्यंत पगार न दिलेल्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असा त्याचा आशय. २९ मार्चचा हुकूम वैध की अवैध, याचा निकाल त्या दिवशी लागला नाही.

ऐकायला हे बरे वाटते. दोन माणसे बसली, बोलली आणि मिटले. पण तडजोड बरोबरीच्या माणसांत होते. ज्या कारखान्यात युनियन आहे तिथे टेबलाच्या दोन बाजू होत्या. जिथे ठेकेदाराचे पंधरा मजूर होते, त्यातले दहा गावी निघून गेलेले, तिथे टेबलच नव्हते. मालकाने जे हातावर ठेवले ती तडजोड.

हुकूम नव्हता तर काय मिळत होते?

गृह मंत्रालयाचा हुकूम बाजूला ठेवला, तर नेहमीच्या कायद्यात काय होते? त्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यात, १९४७, 'ले-ऑफ' ची तरतूद होती. कच्चा माल नाही, वीज नाही, नैसर्गिक आपत्ती आली, अशा कारणाने मालक काम देऊ शकला नाही, तर एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळे. पण अट अशी, की कारखान्यात किमान ५० कामगार हवेत.

आता हिशेब लावा. मोठ्या कारखान्यातल्या कायम कामगाराला युनियनचा आधार आणि निम्म्या पगाराचा हक्क. चाळीस माणसांच्या शेडमधल्या कामगाराला यातले काहीच नाही. आणि ज्याचे नाव मस्टरवरच नाही, त्याला तर आपण कामगार होतो हेच आधी सिद्ध करायचे. ज्याची शिल्लक सगळ्यांत कमी, त्याला कायद्याचे छत्रही सगळ्यांत लहान. व्यापारी हिशेबात याला उलटा ताळेबंद म्हणतील.

आणखी एक तुलना आमच्या खात्यातली. रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना १ मार्च २०२० पासून आधी तीन आणि मग आणखी तीन, असे सहा महिने थांबायची मुभा दिली. मे २०२० मध्ये छोट्या उद्योगांसाठी सरकारी हमीची कर्जयोजना आली, सुरुवातीला बाकी कर्जाच्या वीस टक्क्यांपर्यंत. हे योग्यच होते, आणि त्याने पुष्कळ धंदे तगले. आपल्यातल्या काहींचेही तगले. पण कामगाराच्या खोलीच्या भाड्याला हुकमात एकाच महिन्याची सवलत होती. अमेरिकेने त्याच वर्षी छोट्या धंद्यांना अशी कर्जे दिली, की रक्कम मुख्यतः पगारावर खर्च केल्याचे दाखवले तर कर्ज माफ. मालकाला मदत आणि कामगाराला पगार या दोन गोष्टी एकाच धाग्यात बांधता येतात, एवढाच याचा अर्थ.

तुळजापूरचा निकाल

न्यायालयांतून सगळे निराशाजनकच आले असे नाही. एक प्रकरण आपल्यातल्या अनेकांच्या कुलदेवतेच्या गावचे आहे. तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिर संस्थानात ठेकेदारामार्फत सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार काम करत. टाळेबंदीत मंदिर बंद झाले आणि त्यांच्या पगाराचा प्रश्न उभा राहिला. त्यांची संघटना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. १२ मे २०२० रोजी न्यायालयाने सांगितले, की काम नाही तर दाम नाही हे तत्त्व अशा असाधारण परिस्थितीत लावता येणार नाही. कामगार काम करायला तयार असताना त्यांना कामावर येताच आले नाही, हा त्यांचा दोष नव्हे. जेवण आणि प्रवासाचा भत्ता सोडून मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांचे पूर्ण वेतन त्यांना मिळेल हे पाहण्याची जबाबदारी न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली.

या निकालातली दोन सूत्रे लक्षात ठेवावीत. पहिले, ठेकेदार मधे आहे म्हणून मूळ मालकाची जबाबदारी संपत नाही. ठेका मजूर कायद्यात, १९७०, तर हे स्पष्टच होते, की ठेकेदाराने वेतन बुडवले तर मूळ मालकाने द्यायचे आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचे. दुसरे, प्रवास केला नाही तर प्रवासभत्ता नाही, पण पगार हा पगारच. न्यायालयाने मालकाची बाजूही पाहिली. हिशेब असाच असावा.

आपल्या गुजरातचे बारा तास

आता आपल्या राज्यात येऊ. १७ एप्रिल २०२० रोजी गुजरात सरकारने कारखाना कायद्याच्या, १९४८, कलम ५ खाली अधिसूचना काढली. कामाच्या तासांच्या तरतुदींतून कारखान्यांना सूट मिळाली. दिवसाला बारा तास, आठवड्याला ७२ तासांपर्यंत काम घ्यायची परवानगी. कायद्याची मर्यादा होती दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८. आणि त्यावरच्या तासांना दुप्पट दर? तो नाही. जादा तासांनाही साधाच दर. अधिसूचनेत उदाहरणच दिले होते: आठ तासांचे ८० रुपये, तर बारा तासांचे १२०.

हिशेब आमच्या रोजच्या कामाचा, म्हणून तो मांडतो. आठ तासांचे ८० म्हणजे तासाला दहा रुपये. कायद्याप्रमाणे ७२ तासांच्या आठवड्यात पहिल्या ४८ तासांचे ४८० आणि वरच्या २४ तासांचे दुप्पट दराने ४८०, एकूण ९६०. अधिसूचनेप्रमाणे ७२ तासांचे ७२०. म्हणजे रुपयातले चार आणे गेले. खरा आकडा घेऊ. रोज ४०० रुपये पडणाऱ्या कामगाराचा हक्क आठवड्याला ४,८०० रुपये, हातात ३,६०० रुपये. पहिली अधिसूचना २० एप्रिल ते १९ जुलैपर्यंतची, म्हणजे बरोबर तेरा आठवडे. तेरा आठवडे पूर्ण तास भरले असतील, तर एका माणसाचे १५,६०० रुपये. तीन महिन्यांत, ऐन साथीत, एका घरातून. त्या पैशात मुलाची फी होते, आईचे औषध होते.

२० जुलैला दुसरी अधिसूचना निघाली. गुजरात मजदूर सभा ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन्ही अधिसूचना रद्द केल्या. कारण सरळ होते. कलम ५ मधली सूट सार्वजनिक आणीबाणीसाठी. सार्वजनिक आणीबाणी म्हणजे युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता यांमुळे देशाच्या सुरक्षेला धोका. महामारीने आलेली मंदी गंभीर खरी, पण ती त्या व्याख्येत बसत नाही. मंदीचा भार एकट्या कामगाराच्या खांद्यावर देता येणार नाही, हा निकालाचा गाभा. अधिसूचनांच्या काळात जादा काम केलेल्या पात्र कामगारांना कायद्याप्रमाणे दुप्पट दराने पैसे द्यावेत, असाही आदेश झाला.

पण हक्क कागदावर मिळाला, तरी तो मागायला हजेरीचा पुरावा लागतो. ज्याच्याकडे हजेरीकार्ड नव्हते, पगाराची चिठ्ठी नव्हती, पैसे रोख मिळत होते, त्याने बारा तास केले हे कोण सांगणार? म्हणून आम्ही बँकवाले पुन्हा पुन्हा सांगतो, पगार खात्यात घ्या. खाते खोटे बोलत नाही.

आजारी पडला तर?

पगाराइतकाच मोठा प्रश्न जिवाचा. १५ एप्रिल २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत कामाच्या जागेसाठी नियम होते. दारात ताप तपासणे, दोन पाळ्यांत एक तासाचे अंतर, जेवणाच्या सुट्ट्या टप्प्याटप्प्याने, कामगारांचा वैद्यकीय विमा. मालकांत तेव्हा अफवा पसरली, की एक कामगार पॉझिटिव्ह निघाला तर थेट मालकावर गुन्हा. २३ एप्रिलला गृह मंत्रालयाने खुलासा केला की तसे नाही. नियम पाळणाऱ्या मालकाला भ्यायचे कारण नव्हते.

कामगाराला आधार होता तो ईएसआयचा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारकाला, ठरलेल्या कालावधीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर, वर्षात ९१ दिवसांपर्यंत आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. मालकाने वर्गणी भरलीच नाही तर नुकसान कामगाराचे. म्हणून वर्गणी कापली जाते तेव्हा ती जमा होते का, हे पाहायलाच हवे.

दुसरा आधार प्रॉव्हिडंट फंडाशी जोडलेल्या विम्याचा. कामगार नोकरीत असताना वारला तर वारसाला विम्याची रक्कम मिळते. एप्रिल २०२१ मध्ये तिची कमाल मर्यादा सहा लाखांवरून सात लाख झाली. दुसऱ्या लाटेनंतर आमच्या काउंटरवर अशा बहिणी आल्या, ज्यांना पतीच्या फंडाची रक्कम ठाऊक होती, पण त्यासोबत विमा असतो हेच माहीत नव्हते. तेव्हा वारसाने तीन फॉर्म भरायचे असत: फंडासाठी २०, पेन्शनसाठी १०-डी आणि विम्यासाठी ५-आयएफ. तिसरा सांगायचे बऱ्याच ठिकाणी राहून जाई. नॉमिनेशन भरलेले नसेल तर हेलपाटे वेगळेच. आज घरी गेल्यावर आपापले नॉमिनेशन तपासा, एवढे केले तरी या भाषणाचे सार्थक झाले.

घरातली कामगार

आता थोडे अवघड बोलतो, कोणी राग मानू नये. आतापर्यंत आपण कारखान्याच्या मालकाबद्दल बोललो. पण या सभागृहात अशी घरे थोडीच, जिथे धुणीभांडी, पोळ्या किंवा वडीलधाऱ्यांच्या सेवेसाठी बाई येत नाही. म्हणजे आपण जवळजवळ सगळेच मालक आहोत.

२९ मार्चच्या हुकमात उद्योग, दुकाने आणि व्यापारी आस्थापना होत्या. घर त्यात नव्हते. सोसायटीच्या फाटकावर बाईला अडवले, ते सोसायटीच्या कमिटीने. ती यायला तयार होती. तुळजापूरच्या निकालाचे तत्त्व तिला लावले तर पगार तिच्या हक्काचा ठरतो. पण तिच्यासाठी कोणी कोर्टात जाणार नव्हते. काही घरांनी घरपोच पगार दिला, काहींनी निम्मा दिला, काहींनी "काम सुरू झाले की बघू" म्हटले. हे त्या त्या घराच्या मनावर राहिले. जिथे दुसऱ्याच्या मनावर अवलंबून राहावे लागते, तिथे हक्क नसतो, फक्त उपकार असतो.

महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करायला समिती नेमावी, असे केंद्राला सांगितले. कायदा येईल तेव्हा येवो. महिना दोन हजार पगाराच्या बाईला दोन महिने घरी बसून पगार दिला तर खर्च चार हजार. आपल्या एका लग्नाच्या आहेरात तेवढे जातात.

नव्या संहिता: काय मिळाले, काय निसटले

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागेची सुरक्षितता अशा चार. जुने २९ कायदे त्यांत सामावले. म्हणून आतापर्यंत सांगितलेले कारखाना कायदा, ठेका मजूर कायदा, औद्योगिक विवाद कायदा हे सगळे आता जुन्या वहीत गेले. नव्या वहीत काय आहे?

जमेच्या बाजूला बरेच आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि ही हमी आता ठराविक पगारापर्यंतच नाही, सगळ्यांना. जादा कामाला दुप्पट दर कायम. स्थलांतरित कामगाराच्या व्याख्येत ठेकेदाराने आणलेल्याबरोबर स्वतःहून आलेलाही बसतो. २०२० मध्ये याच व्याख्येपायी लाखो माणसे कोणाच्याच वहीत नव्हती. पहिली श्रमिक रेल्वे निघाली तीही १ मे रोजीच, हे या दिवशी आठवायला हवे.

नावेच्या बाजूला पाहा. स्थलांतरितांच्या तरतुदी जुन्या कायद्यात पाच कामगारांपासून लागत, आता दहापासून. ले-ऑफ किंवा कपातीसाठी सरकारची आधी परवानगी लागायची ती केंद्रीय कायद्यात १०० कामगारांपासून, आता ३०० पासून. ले-ऑफच्या निम्म्या भरपाईला ५० कामगारांची अट तशीच राहिली. मकरपुऱ्यातली चाळीस माणसांची शेड पुन्हा छत्राबाहेर.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सुरक्षितता संहितेत सरकारला आता आणीबाणी, आपत्ती किंवा महामारी असेल तर कामाच्या जागांना तिच्या तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार आहे, एका वेळी एक वर्षापर्यंत. सामाजिक सुरक्षा संहितेत महामारीच्या काळात फंड आणि ईएसआयची वर्गणी एका वेळी तीन महिन्यांपर्यंत पुढे ढकलण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार आहे. थांबून विचार करा. १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या अधिसूचना रद्द केल्या, त्या कायद्यात 'महामारी' हा शब्द नव्हता म्हणून. आता तो शब्द कायद्यात बसला आहे. पुढच्या साथीत कामगाराकडे तो निकाल तसाच्या तसा हत्यार म्हणून राहणार नाही.

सूट द्यावी लागते, हे आम्हाला मान्य आहे. ऑक्सिजनचा कारखाना, औषधाचा कारखाना साथीत बारा तास चालवावाच लागतो. प्रश्न एवढाच, की जादा तासांचे पैसे कोण देणार, आणि सूट कोणत्या कारखान्याला, किती दिवस? सरसकट सगळ्यांना सूट ही गरज नसते, सोय असते.

मग आपण काय करायचे?

मंडळापुढे पाच गोष्टी ठेवतो.

एक, सुरुवात घरापासून. मंडळाचा पहारेकरी, सफाईची बाई, वाचनालयातला मदतनीस यांना नेमणूकपत्र द्यावे आणि पगार खात्यात जमा करावा. सरकारी हुकमाने हॉल बंद राहिला तर त्यांना किमान दोन महिने पूर्ण पगार मिळेल, असा ठराव याच वर्षी करावा.

दोन, ज्या सभासदांचे कारखाने वा दुकाने आहेत, त्यांनी दोन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम वेगळ्या ठेवीत ठेवावी. घसाऱ्याची तरतूद आपण यंत्रासाठी करतोच. माणसासाठीही करू.

तीन, घरकामाच्या बाईशी साधा लेखी करार. पगार, आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा आणि बंदच्या काळातला पगार. एक पान पुरते. तिचे ई-श्रम कार्ड काढले आहे का हेही विचारा, नसेल तर मंडळात नोंदणीचा एक दिवस ठेवू.

चार, मंडळाने महिन्यातून एक संध्याकाळ फंड, ईएसआय आणि वारसाच्या अर्जांसाठी मदत केंद्र चालवावे. मराठी असो, गुजराती असो, बिहारमधून आलेला असो, येईल त्याचा फॉर्म भरून द्यायचा. आम्ही बँकवाले बसायला तयार आहोत.

पाच, मत मागायला जो कोणी येईल, पक्ष कोणताही असो, त्याला एक प्रश्न विचारायचा. महामारीच्या नावाने सूट देताना जादा तासांचा दुप्पट दर आणि बंद काळातला किमान निम्मा पगार, लहान शेडमधल्या कामगारालासुद्धा, अबाधित राहील असे नियमात लिहून द्याल का? उत्तर लिहून घ्यायचे आणि याच पत्रकात छापायचे.

या शहरात आपले पूर्वज गायकवाडांबरोबर आले, त्यांच्या चाकरीत राहिले आणि इथलेच झाले. चाकरी म्हणजे काय, पगाराच्या तारखेची वाट पाहणे म्हणजे काय, हे आपल्या घराण्यांना शिकवावे लागत नाही. आज आपल्यातले काही पगार घेतात, काही देतात, आणि बरेचजण दोन्ही करतात. देणाऱ्याने आधी तरतूद करावी, घेणाऱ्याने पुरावा जपावा, आणि दोघांनी मिळून सरकारला विचारावे, की संकट सगळ्यांचे असेल तर त्याचे बिल सगळ्यांत कसे वाटणार?

 मदत केंद्रासाठी नावे चिटणिसांकडे द्यावीत.